नाचणीकडून पुड्याकडे

महाडहून भोरकडे जाणारा रस्ता बिरवाडी, वरंध, माझेरी या गावांवरून वर चढतो आणि घाटात वाघजाईच्या देवळाजवळ क्षणभर विसावतो. घाटातून जाणारा प्रवासी तेथे थांबतो, टपरीवरची गरम कांदाभजी खातो, चहा पितो, दरीकडे पाहून हवेची तारीफ करतो आणि पुढे निघून जातो. त्याच्या मनात डोंगरातला माणूस हा आजही काटक, उन्हाने रापलेला, भाकरी-कांद्यावर राहणारा आणि म्हणूनच निरोगी असा असतो. शहरी मध्यमवर्गाने स्वतःच्या वाढत्या पोटाची खंत शमविण्यासाठी जी काही स्वप्ने जपून ठेविली आहेत, त्यांपैकी हे एक होय. त्या टपऱ्यांच्या खाली, पायथ्याच्या वाड्यांतील घरांतून 'साखर' हा शब्द आता चहाच्या संदर्भात जितका ऐकू येतो तितकाच रोगाच्या संदर्भातही ऐकू येऊ लागला आहे, हे त्या प्रवाशाच्या गावीही नसते.

लठ्ठपणा हा सुखवस्तू माणसाचा रोग आहे, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. व्यंगचित्रातला सावकार पोट सुटलेला आणि कूळ हाडकुळे, असेच चित्र वर्षानुवर्षे काढले गेले, आणि ते त्या काळी खोटेही नव्हते. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहिले तर हे चित्र आता पुसून नव्याने काढावे लागेल. 2005-06 मध्ये देशातील 15 ते 49 या वयोगटातील सुमारे 13 टक्के स्त्रिया आणि 9 टक्के पुरुष वाजवीपेक्षा अधिक वजनाचे होते. 2019-21 च्या पाहणीत हेच प्रमाण अनुक्रमे 24 आणि 23 टक्क्यांवर गेले. पंधरा वर्षांत पुरुषांचे प्रमाण दुपटीहून अधिक आणि स्त्रियांचे जवळजवळ दुप्पट! भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशभर केलेल्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे सांगितले. पोटावर चरबी साठलेल्या प्रौढांचे प्रमाण तिने शंभरात जवळजवळ चाळीस इतके दिले. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, 2011 सालीच, ग्रामीण महाराष्ट्रातील शंभरात सहाहून अधिक प्रौढ मधुमेही आढळले होते. म्हणजे हा रोग गावच्या वेशीवर थांबलेला नाही. तो कधीच आत आला आहे.

या प्रश्नाकडे पाहण्याची सरकारी रीत कोणती? 2025 च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात लठ्ठपणाची चिंता व्यक्त केली आणि प्रत्येकाने महिन्याला दहा टक्के तेल कमी वापरावे असा उपदेश केला. उपदेश वाईट नव्हता. परंतु तीनच महिन्यांनी, मे महिन्याच्या अखेरीस, त्याच सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील मूळ आयातकर 20 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वस्तू व सेवा कराची फेररचना झाली, तेव्हा साखर घातलेल्या फसफसत्या पेयांवरील कर 40 टक्क्यांवर नेण्यात आला, हे ठीकच झाले. पण त्याच फटकाऱ्याने बिस्किटे, चॉकलेटे आणि पुड्यांतील फरसाण यांवरील कर 5 टक्क्यांपर्यंत खाली आणण्यात आला. आता, महागाईने पिचलेल्या गृहिणीला स्वस्त तेल मिळू नये असे कोणीही सुबुद्ध माणूस म्हणणार नाही. मुद्दा निराळा आहे. नागरिकाला संयमाचा उपदेश करावयाचा आणि बाजाराला मात्र मोकळीक द्यावयाची, ही पद्धत रोगाचा दोष रोग्याच्या माथी मारणारी आहे. जणू काही वरंधच्या एखाद्या बाईने एका सकाळी उठून, आपल्या स्वच्छंद बुद्धीने, आजवरचे अन्न टाकून देऊन नवे अन्न पसंत केले!

तसे काही घडलेले नाही. अन्न बदलले ते जमीन बदलली म्हणून, मजुरी बदलली म्हणून, आणि राज्यकर्त्यांनी कोणते धान्य विकत घ्यावयाचे व कोणते वाटावयाचे हे ठरविले म्हणून.

महाड आणि पोलादपूर हे तालुके 1981 पूर्वी कुलाबा जिल्ह्यात मोडत. त्या वर्षी जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले. या मुलखात नदीकाठच्या खाचरांत भात आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी, हरीक, आणि मागाहून तीळ वा कारळे, असा शेतीचा क्रम होता. एकाच उतारावर दरवर्षी पीक घेता येत नसे. दोन-चार वर्षे पीक घेऊन जमीन पडू द्यावी लागे. भात हे सणाचे, पाहुण्याचे आणि घरातल्या कर्त्या पुरुषाचे अन्न. बाकीच्यांच्या वाट्याला नाचणीची भाकरी, आंबील, कुळथाची पिठी, वाल-पावट्याचे कालवण, पावसाळ्यात टाकळा, कुरडू, भारंगी, करटुली यांसारख्या रानभाज्या, पहिल्या पुराबरोबर ओढ्यातून चढणारे मासे, आणि बाजाराच्या दिवशी महाडहून आणलेली सुकट. तेलाची बाटली महिनोन् महिने पुरे. साखर म्हणजे पाहुणा आला तर चहात, एरवी गुळाचा खडा.

हे सारे लिहिताना एक सावधगिरी बाळगावी लागते. जुन्या अन्नाचे गोडवे गाणारे बहुतेक जण ते अन्न पिकविणाऱ्या वर्गातले नसतात. नाचणी हे गरिबीचे धान्य होते आणि ते खाणाऱ्याला त्याची लाज वाटावी अशीच समाजाची रचना होती. आषाढ-श्रावणात कणगी तळाला जाई आणि उसनवारीवर दिवस काढावे लागत. घरातली बाई पहाटे जात्यावर बसे, दिवसभर उखळ-मुसळ, डोंगरातल्या झऱ्यावरून पाण्याच्या खेपा, राबासाठी पालापाचोळा आणि गवताचे भारे, आणि सर्वांत शेवटी, सर्वांचे उरलेले जेवण. तिचे शरीर कृश होते ते आरोग्यामुळे नव्हे, उपासमारीमुळे. आज पिठाची गिरणी आली, गॅसचा सिलिंडर आला, काही वाड्यांत नळ आला, याबद्दल हळहळण्याचे काही कारण नाही. जात्यावर बसल्याने व्यायाम होत असे, असे सांगणाऱ्या सद्गृहस्थांनी प्रथम स्वतः पायली दोन पायली दळून दाखवावे. श्रम कमी झाले हा दोष नव्हे. श्रम कमी होत असताना अन्नही त्या प्रमाणात बदलावयास हवे होते, त्याऐवजी ते उलट दिशेने बदलले, हे दुखणे आहे.

ते कसे बदलले याचा इतिहास मुंबईशिवाय सांगता येत नाही. घाटाखालच्या या पट्ट्यातून पिढ्यान् पिढ्या तरुण मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, हमालीत, आणि लष्करातही गेले. गाव चाले ते मनीऑर्डरवर. गिरणगावातील खानावळवाल्या बायकांच्या हातचे जेवून हा कामगार जगला. त्या बायकांची संघटना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने उभी केली, हा श्रमिक चळवळीच्या इतिहासातील एक लखलखीत प्रसंग आहे. खानावळीत डाळ होती, भाजी होती, मासळी होती. पुढे 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्या संपात गिरण्यांबरोबर ही जगण्याची रीतही मोडून पडली. कामगारांचे पोर उद्वाहन चालवू लागले, पहारेकरी झाले, माल पोहोचविणारे झाले. बारा तासांची पाळी, उभ्याउभ्याने खाल्लेला वडापाव आणि दिवसातून सात-आठ वेळा पिठूळ गोड चहा, हे त्यांचे अन्न झाले. गणपतीला आणि शिमग्याला हा मुंबईकर गावी येतो तेव्हा पिशवीतून जो खाऊ निघतो, तो पूर्वीसारखा चुरमुरे-बत्ताशांचा नसतो. घरच्या म्हातारीलाही आपल्या नातवंडाच्या हाती चकचकीत पुडा दिसला की मुलाचे बरे चालले आहे असे वाटते. अन्नाला प्रतिष्ठा असते, आणि प्रतिष्ठेचा उगम नेहमी वरच्या वर्गातच असतो.

इकडे गावात जमीन कसणारे हात उरले नाहीत. नाचणीची लावणी आणि बेणणी फार कष्टाची. उतारावर यंत्र चालत नाही. जे काही उगवते त्यावर रानडुकरे आणि माकडे तुटून पडतात. वरकस पडीक होत गेली. डोंगरातल्या दळी जमिनींवर नाचणी पिकविणाऱ्या आदिवासींचा हक्क तर सरकारदप्तरी कैक वर्षे धड मान्यही झाला नव्हता. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर त्यांचे दावे दाखल होऊ लागले. दुसऱ्या बाजूने शिधावाटप दुकानातून तांदूळ आणि गहू येत राहिला. हरितक्रांतीच्या धोरणाने याच दोन धान्यांची खरेदी, साठवण आणि वाटप यांची अवाढव्य यंत्रणा उभी केली. ज्या मुलखात गहू जवळजवळ पिकत नाही तेथे चपाती आली आणि भाकरी मागे पडली. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला, 2023 च्या जानेवारीपासून ते धान्य मोफत मिळू लागले. या कायद्याने कोट्यवधी घरांतली चूल विझू दिली नाही, हे त्याच्या टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे. त्या कायद्यात भरड धान्य किलोमागे एक रुपयाने देण्याचीही तरतूद होती. परंतु कायद्यातील ओळ आणि दुकानातील पोते यांत अंतर पडले. पांढरा तांदूळ मोफत आणि नाचणी बाजारात त्याच्या कित्येक पट भावाने, अशी स्थिती असताना मजुरी करणाऱ्या बाईने नाचणी का विकत घ्यावी, हे आहारतज्ज्ञांनी एकदा तिला समजावून सांगावे.

तेलाची कथाही याहून निराळी नाही. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात आयात पामोलिन शिधावाटपातून मिळू लागले. 1994 मध्ये त्याची आयात खासगी व्यापाऱ्यांना खुली झाली. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येते, आणि त्यात इंडोनेशिया-मलेशियातील पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा आहे. वरकसावरचा तीळ गेला, कारळे गेले आणि जावा-सुमात्रातील मळ्यांचे तेल वरंधच्या कढईत आले. हेच स्वस्त तेल, मैदा आणि साखर किंवा मीठ यांच्या संयोगाने पुड्यातला जो काही पदार्थ तयार होतो, त्याची किंमत पाच रुपये ठेवण्यात कारखानदाराचे सारे कौशल्य पणाला लागलेले असते. महागाई वाढली की पुड्याचे वजन घटते, किंमत घटत-वाढत नाही. कारण पाच रुपये हे मुलाच्या मुठीत मावणारे नाणे आहे आणि त्या नाण्यावर धंदा उभा आहे. गावातल्या दुकानाच्या दारावर या पुड्यांच्या माळा तोरणासारख्या लटकत असतात. केळे त्या दुकानात मिळेलच असे नाही. अंडे मिळाले तर ते पाच रुपयांत मिळत नाही.

येथे एक जुनी आठवण वाचकांना करून देणे अप्रस्तुत होणार नाही. 1977 मध्ये जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, कोका-कोला कंपनीने परकीय भांडवलाविषयीच्या कायद्याच्या अटी पाळण्यापेक्षा देश सोडून जाणे पत्करले. त्या वेळी अनेक शहाण्यांनी हा निर्णय पोरकट ठरविला होता. त्यात एक मोठी उणीव होतीच, पण ती टीकाकारांना दिसली ती नव्हे. सरकारने स्वतःच 'सत्याहत्तर' या नावाचे दुसरे गोड पेय बाजारात आणले आणि देशी कारखानदारांनी आपापली पेये पुढे रेटली. प्रश्न बाटलीच्या मालकीचा आहे असे मानले गेले. बाटलीत काय आहे हा प्रश्न कोणी विचारला नाही. 1990 मध्ये पेप्सी आली, 1993 मध्ये कोका-कोला परतली आणि देशी पेयांपैकी सर्वांत खपाचे पेय तिने विकत घेऊन टाकले. आज महाड-पोलादपूरच्या ज्या वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्या पाण्याचा टँकर पाठवावा लागतो, त्या वाड्यांपर्यंत शीतपेयाची बाटली बिनबोभाट पोहोचते. 20 मार्च 1927 रोजी ज्या महाडमध्ये चवदार तळ्याच्या पाण्याचा हक्क बजावला गेला, त्याच तालुक्यात जवळजवळ शंभर वर्षांनी पाण्याचा टँकर उशिरा आणि साखरेच्या पाण्याची गाडी वेळेवर येते!

आता वैद्यकशास्त्राने या साऱ्यावर टाकलेला प्रकाश पाहिला पाहिजे, कारण तो महाराष्ट्रातूनच पडला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास हाती घेतला. या खेड्यांत जन्मणारी बालके इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनच्या बालकांपेक्षा सरासरीने सुमारे आठशे ग्रॅम हलकी होती. यात नवल काही नव्हते. नवल पुढे होते. त्या हलक्या बालकांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसावयास किडकिडीत आणि आतून चरबीदार, अशी ही बाळे होती. 2004 मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे एकत्र छायाचित्र 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंची आणि वजन यांवरून काढलेला दोघांचाही निर्देशांक अगदी एक, 22.3, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा 25 ऐवजी 23 वर, आणि कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी 90 व स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटरवर धरावी, असे वैद्यकतज्ज्ञ मानतात.

या संशोधनाचा सामाजिक अर्थ फार गंभीर आहे. उपाशी आईच्या पोटात वाढलेले मूल टंचाईचाच हिशेब शरीरात मांडून जन्माला येते. जन्मभर टंचाईच राहिली तर तो हिशेब कसाबसा जमतो. पण त्याच मुलाच्या हाती पुढे पुडा आला, शाळेचा डोंगरातला पायरस्ता जाऊन मिनीडोर आली, आणि तरुणपणी औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीची नोकरी लागली, की तो हिशेब कोलमडतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी जी बाई राबाचे भारे वाहताना गरोदर होती, तिच्या उपासमारीची किंमत आज तिचा मुलगा चाळिशीतच इन्सुलिनच्या रूपाने चुकवितो आणि त्याच्या मुलालाही तिचा काही भाग चुकवावा लागेल. दोन्ही ऋणे त्याने काढलेली नाहीत. सुखवस्तू माणसाला मधुमेह झाला तर तो फेरफटका मारतो, वजन काट्यावर पाहतो, महिन्याला तपासणी करतो. वरंधच्या कंत्राटी कामगाराला तो झाला की तपासणीसाठी महाडला जाण्याचा दिवस हा बुडालेल्या मजुरीचा दिवस असतो. गोळी संपली की ती पुढच्या पगारापर्यंत संपलेलीच राहते. मूत्रपिंड गेले तर घर जाते.

दुसरे असे की, लठ्ठपणा आणि उपासमार या दोन टोकांच्या गोष्टी आहेत ही समजूतही सोडून दिली पाहिजे. ज्या कुटुंब पाहणीत 24 टक्के स्त्रिया जादा वजनाच्या निघाल्या, तिच्यातच सुमारे 19 टक्के स्त्रिया अत्यल्प वजनाच्या, 57 टक्के रक्तक्षय झालेल्या, आणि पाच वर्षांखालील 35 टक्क्यांहून अधिक बालके वयाच्या मानाने खुजी निघाली. एकाच तालुक्यात मुंबईच्या पैशावर चालणाऱ्या घरातील स्त्रीचे गुडघे वजनाने कुरकुरतात, आणि तिच्याच गावच्या बाहेर वस्ती असलेले कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते, तेव्हा त्याच्या पोराचे दंड काडीसारखे असतात. भट्टीवरच्या त्या पोराच्या हातातही मात्र बिस्किटाचा पुडाच असतो, कारण आईला स्वयंपाकाला वेळ नसतो आणि भट्टीवर दुसरे काही मिळत नाही. जाडा आणि बारीक, दोघांनाही एकच कारखाना पोसतो आणि दोघांचीही शरीरे प्रथिनांसाठी आसुसलेली असतात. अशा वेळी, 2025 च्या जानेवारीत, महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारातील अंड्यांसाठीचा निधी बंद केला आणि अंडे द्यावयाचे असेल तर लोकवर्गणीतून द्या असे शाळांना सांगितले! ज्या राज्याला आठवड्यातून एक अंडे पेलवत नाही, त्या राज्याने लठ्ठपणाविरुद्ध मोहीम काढणे हा एक विनोदच म्हटला पाहिजे.

अलीकडे नाचणीला बरे दिवस आले आहेत असे सांगतात. 2023 हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. सरकारने या धान्यांना 'श्रीअन्न' असे भारदस्त नाव दिले. परिषदांच्या भोजनात नाचणीचे पदार्थ वाढले गेले. शहरांतील झगझगीत दुकानांत नाचणीची बिस्किटे आली. त्या बिस्किटांच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचली तर नाचणीच्या बरोबरीने मैदा, साखर आणि पामतेल हजर असतात, ही गोष्ट वेगळी. नाचणी म्हणजे काही रामबाण औषध नव्हे. तिच्यात शंभर ग्रॅममागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम चुना आहे, चोथा पांढऱ्या तांदळाच्या तिपटीहून अधिक आहे, ती भाकरीच्या रूपाने पोटात रेंगाळते, आणि तिच्याबरोबर पिठी, कालवण, पालेभाजी असे सारे ताट येते. तिचा गुण त्या ताटात आहे. ताट मोडून एकट्या नाचणीची पूड डब्यात भरून विकली तर व्यापाऱ्याचे पोट भरते, एवढेच.

सरकारने 2025-26 च्या हंगामासाठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला 4,886 रुपये जाहीर केला, तर साध्या भाताचा 2,369 रुपये. कागदावर पाहता नाचणीला दुपटीहून अधिक भाव आहे. पण हमीभाव घोषणेने मिळत नसतो, तो खरेदीच्या काट्यावर मिळतो, आणि डोंगरातल्या दोन-चार मण पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या दारी काटा न्यावयाचा तर सरकारची इच्छा लागते. ही इच्छा इतरत्र दिसून आली आहे. कर्नाटक सरकार वर्षानुवर्षे नाचणी खरेदी करून दक्षिणेकडील जिल्ह्यांत शिधापत्रिकेवर वाटते. ओडिशाने 2017 पासून आदिवासी जिल्ह्यांत याच कामासाठी योजना आखली, बियाण्यापासून खरेदीपर्यंत सारी साखळी उभी केली आणि नाचणी रेशनवर आणली. तिथल्या डोंगरांना आणि इथल्या डोंगरांना निसर्गाने फार वेगळे घडविलेले नाही.

तसेच पुड्यांचे. मेक्सिकोने 2014 पासून साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसविला. चिलीने 2016 पासून साखर, मीठ, चरबी यांचे प्रमाण जादा असलेल्या पुड्यांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले. अक्षरओळख नसलेल्या आईलाही ते कळतात. केरळने 2016 मध्ये काही उपाहारगृहांतील चरबीयुक्त पदार्थांवर साडेचौदा टक्के कर लावून पाहिला, तो पुढच्या वर्षी नव्या करव्यवस्थेत विरून गेला. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2022 मध्ये पुड्यांवर तारे छापण्याची कल्पना मांडली. तारा म्हणजे बक्षीस. ज्या पुड्याविषयी सावध करावयाचे त्यालाही एखादा तारा देऊन गौरवावे, ही युक्ती कोणाच्या हिताची हे सांगावयास नको. सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या एप्रिलमध्ये याविषयी प्राधिकरणाला मुदत घालून दिली होती.

रायगड जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर कामे मोठी नाहीत, ती सर्व आज हाती असलेल्या यंत्रणांतून होण्यासारखी आहेत. जिल्हा नियोजन समितीने महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील नाचणी व वरी गावातच काट्यावर घेण्याची सोय करावी आणि ती त्याच तालुक्यांच्या अंगणवाड्यांत व शिधादुकानांत द्यावी. वन्य प्राण्यांनी केलेल्या नुकसानीचा पंचनामा भाताप्रमाणे नाचणीचाही व्हावा. दळी जमिनींच्या दाव्यांचा निकाल लागावा. तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून कागदावर आहे. तो वाडीवर जावा, आणि औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगाराला तपासणीच्या दिवसाची मजुरी मिळावी. शाळेच्या फाटकापासून काही अंतरापर्यंत तंबाखूची विक्री बंद ठेवता येते, तर त्याच अंतरात पुड्यांच्या माळा का लटकाव्यात, याचा निर्णय ग्रामसभेलाही घेता येईल. आणि अंडे, ते तर सहज देता येईल.

ऑक्टोबरात भात कापून झाल्यावर वरंधच्या वरच्या उतारावर अजूनही कोठे कोठे नाचणीची तांबूस कणसे उभी दिसतात. ती पिकविणारी माणसे बहुधा साठी ओलांडलेली असतात. घरापुरती पिकवावी आणि मुंबईच्या नातवंडांना थोडे पीठ पाठवावे, एवढाच त्यांचा हेतू असतो. त्यांच्याकडे बियाणे आहे, पेरणीची जाण आहे, आणि ती आणखी दहा-पंधरा वर्षे असेल. खरेदीचा काटा त्याआधी पोहोचावयास हवा.